जुन्या संगणकाची हार्ड डिस्क : फॉर्मेट करण्यापूर्वी

शाळेतील अथवा ग्रामपंचायत कार्यालयातील जुना संगणक मंदावला, की ‘फॉर्मेट मारून टाका’ असा सल्ला सहज दिला जातो. फॉर्मेट म्हणजे पाटी पुसणे, असा समज त्यामागे असतो. तो पुरता खरा नाही.

नोंदवहीची अनुक्रमणिका फाडावी आणि आतील पाने तशीच राहावीत, असा हा प्रकार आहे. विंडोज एक्सपीपर्यंतच्या संगणकांत फॉर्मेटमुळे हार्ड डिस्कवरील फाइलींची सूची कोरी होई. पुढचा दीर्घ वेळ केवळ खराब जागा तपासण्यात जाई. पूर्ण फॉर्मेट करताना सर्वत्र शून्ये लिहिण्याची पद्धत २००७ मध्ये बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून सुरू झाली. साहजिकच निर्लेखित करून लिलावात काढलेल्या एक्सपीच्या संगणकातून विद्यार्थ्यांच्या जन्मतारखा किंवा कर आकारणीची यादी जाणकारास परत मिळविता येते. अशा डिस्कवर प्रथम संपूर्ण पुनर्लेखन करणारी आज्ञावली चालवावी. डिस्क बिघडलेली असल्यास ती फोडून नष्ट करणेच इष्ट.

याउलट, हवे असलेले दप्तर गमावण्याचा धोकाही तितकाच मोठा आहे. डॉस व विंडोज ९८ मध्ये दुसरी डिस्क जोडली, की विभागांची अक्षरे बदलू शकतात. पहिल्या डिस्कवरील दुय्यम विभाग काल ‘डी’ असतो. नव्या डिस्कचा मुख्य विभाग ते अक्षर घेतो आणि जुना विभाग ‘ई’ होतो. सवयीने अक्षर टंकलिखित करणाऱ्याचा घात येथेच होतो. म्हणून वीजपुरवठा बंद करून इतर डिस्कची केबल काढून ठेवावी. विभागाची ओळख अक्षरावरून न पटविता त्याचे नाव व आकारमान यांवरून पटवावी.

तत्पूर्वी सर्व फाइलींच्या दोन प्रती घ्याव्यात व त्या दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. प्रत घेतली असे सांगणे निराळे आणि ती वाचता येणे निराळे! जुने मराठी दस्तऐवज अनेकदा युनिकोडपूर्व टंकांत असतात. तो टंक जतन केला नाही, तर फाइल सुरक्षित राहूनही पडद्यावर निरर्थक अक्षरेच उमटतात. टंकाची फाइलही प्रतींसोबत ठेवावी.

१९८० च्या दशकातील आरंभीच्या डिस्कना करावे लागणारे ‘लो लेव्हल’ फॉर्मेट नंतरच्या आयडीई डिस्कवर करू नये. ते काम कारखान्यातच झालेले असते. वीज खंडित होण्याची शक्यता असल्यास यूपीएसवाचून काम आरंभू नये. काम आटोपल्यावर काढलेली केबल पुन्हा जोडावी आणि डिस्क बदलली असल्यास जडवस्तू नोंदवहीत तशी नोंद घ्यावी.