अळिंबीच्या केसिंगला कोणता चुना? शिरोळच्या मातीतून सामूचा एक पाठ



आम्ल, आम्लारी आणि सामू शिकवताना आपली उदाहरणं ठरलेली असतात. लिंबू, साबण, खाण्याचा सोडा. मुलं ती पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. पण चुना चुकला तर पीक जातं असं उदाहरण दिलं, की तीच मुलं कान टवकारतात. हल्ली गावोगावी बचत गट आणि तरुण शेतकरी एखाद्या खोलीत अळिंबी, म्हणजे मशरूम, लावून बघतात. त्यात 'केसिंगमध्ये चुना मिसळा' एवढंच ऐकून कुणी कळीचा चुना आणतो, कुणी जिप्सम, कुणी चक्क फळ्यावरच्या खडूचा चुरा. सगळं पांढरंच दिसतं, पण काम सारखं नसतं. आजचा पाठ त्यावर.

केसिंग म्हणजे काय?

धिंगरी अळिंबीला केसिंग लागत नाही. बटण अळिंबीला आणि दुधी अळिंबीला मात्र लागतं. कंपोस्टमध्ये किंवा काडात बुरशीचे पांढरे तंतू पसरले, की वर साधारण दीड इंच जाडीचा ओलसर थर देतात. तो थर म्हणजे केसिंग. जुनं, पूर्ण कुजलेलं शेणखत, माती, धुतलेलं कोकोपीट अशा गोष्टींतून तो बनवतात आणि वापरण्याआधी वाफेने निर्जंतुक करतात. हा थर अन्न देण्यासाठी नसतो. तो पाणी धरून ठेवतो, आणि त्यातूनच अळिंबीचे बारीक कोंब वर येतात.

बटण अळिंबीच्या केसिंगचा सामू ७ ते ७.५ च्या आसपास ठेवतात. दुधी अळिंबीला तो थोडा जास्त, ८ ते ८.५ पर्यंत चालतो. शिरोळसारख्या उष्ण भागात हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. बटण अळिंबीला कोंब फुटताना १४ ते १८ अंश तापमान हवं असतं, म्हणजे आपल्याकडे थंडीचे दिवस किंवा वातानुकूलित खोली. दुधी अळिंबी ३० ते ३५ अंशांतही येते.

सामू सातच्या वर का?

याची दोन कारणं आहेत. पहिलं, हिरवी बुरशी, म्हणजे ट्रायकोडर्मा. तिला आम्लधर्मी जागा आवडते. केसिंग आंबट राहिलं, की हिरवे डाग पडायला लागतात.

दुसरं कारण मुलांना सहसा सुचत नाही. अळिंबीचे तंतू वाढताना स्वतःच ऑक्झॅलिक आम्ल सोडतात. त्यामुळे पहिल्या दिवशी ७.५ असलेला सामू पुढे हळूहळू उतरत जातो. म्हणून आज सामू किती आहे एवढंच बघून चालत नाही, तो पुढचे काही आठवडे टिकायला हवा. चुना निवडताना हीच गोष्ट महत्त्वाची ठरते.

पांढऱ्या पुड्या पाच, गुण वेगवेगळे

१. चुनखडीची पूड, अर्थात चॉक पावडर. ही कॅल्शिअम कार्बोनेट. पाण्यात फार कमी विरघळते. आम्ल आलं की तेवढ्यापुरती झिजते, बाकीची तशीच राखीव राहते. उघड्या हवेत ती सामू साधारण ८.३ च्या फार वर नेऊ शकत नाही. म्हणजे चमचाभर जास्त पडली तरी घात होत नाही.

२. विरवलेला चुना, म्हणजे फक्की. हे कॅल्शिअम हायड्रॉक्साइड. याच्या संपृक्त द्रावणाचा सामू १२.४ पर्यंत जातो. काम लगेच करतो, पण जास्त झाला तर केसिंगमध्ये तंतू शिरतच नाहीत. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तो हळूहळू चुनखडी बनतो आणि सामू खाली येतो. म्हणून हा वापरलाच, तर मिसळून काही दिवस थांबायचं, पुन्हा मोजायचं आणि मगच थर द्यायचा.

३. कळीचा चुना, म्हणजे कॅल्शिअम ऑक्साइड. पाणी पडताच उकळल्यासारखा तापतो. कातडी आणि डोळे भाजतात. केसिंगसाठी नको आणि वर्गात तर मुळीच नको.

४. डोलोमाइट, म्हणजे कॅल्शिअम-मॅग्नेशिअम कार्बोनेट. चुनखडीसारखंच, पण आणखी सावकाश काम करतं. पूड अगदी बारीक हवी.

५. जिप्सम, म्हणजे कॅल्शिअम सल्फेट. यात कॅल्शिअम आहे, पण ते आम्ल मारत नाही. कंपोस्ट चिकट होऊ नये म्हणून जिप्सम वापरतात. केसिंगचा सामू वाढवायला त्याचा उपयोग नाही.

नववीच्या मुलांना एक गणित द्या. कॅल्शिअम कार्बोनेटचा रेणुभार १००, हायड्रॉक्साइडचा ७४, ऑक्साइडचा ५६. म्हणजे १०० ग्रॅम चुनखडी जेवढं आम्ल मारते, तेवढंच काम ७४ ग्रॅम फक्की किंवा ५६ ग्रॅम कळीचा चुना करतो. 'किलोला किलो' हा हिशेब का चुकतो, ते इथे आपोआप कळतं.

शिरोळचा वेगळा प्रश्न

बहुतेक माहितीपुस्तिका 'चुना घाला' असं सरसकट सांगतात. पण आपली माती कोणती आहे? कृष्णा-पंचगंगेच्या काठची काळी, चुनखडीयुक्त. तिचा सामू अनेक ठिकाणी मुळातच ७.५ च्या वर असतो. उसाला वर्षानुवर्षं भरमसाट पाणी दिल्यामुळे तालुक्यातल्या बऱ्याच जमिनी क्षारपड झाल्या. त्या सुधारण्यासाठी शिरोळच्या श्री दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने जमिनीखालून निचरा नळ्या टाकण्याचं काम झालं आहे, हे आपल्याला माहीतच आहे.

त्यामुळे इथे दोन घोटाळे होतात. एक, अशी माती केसिंगला घेऊन त्यावर आणखी चुना घालणं. क्षारपड रानातली माती तर घ्यायचीच नाही, कारण तिथे अडचण सामूची कमी आणि मिठाची जास्त असते. चुन्याने मीठ जात नाही. दोन, चोपण जमिनीला जिप्सम टाकतात हे बघून तेच केसिंगला चालेल असं समजणं. चोपण जमिनीत जिप्सममधलं कॅल्शिअम सोडिअमची जागा घेतं, सोडिअम निचऱ्याच्या पाण्यातून निघून जातं आणि सामू उलट खाली येतो. आपल्याला केसिंगमध्ये याच्या नेमकं उलट हवं असतं.

कोकोपीट बऱ्याचदा किंचित आम्लधर्मी असतं. मिश्रणात ते जास्त असेल तर चुनखडी लागेल. काळी माती जास्त असेल तर कदाचित चिमूटभरही लागणार नाही.

मग साखर कारखान्याची मळी चालेल का? मुलं हे हमखास विचारतात. कारखान्यात उसाचा आंबट रस चुन्याचं दूध घालूनच सातच्या आसपास आणतात. युरोपात बीटच्या साखर कारखान्यांतून निघणारी बारीक चुनखडी केसिंगमध्ये खरोखर वापरतात. पण तिथली पद्धत कार्बोनेशनची आहे. आपल्याकडचे बहुतेक कारखाने सल्फिटेशन पद्धतीचे. त्यांच्या मळीत चुनखडी तेवढी नसते, मेण आणि अन्नद्रव्यं मात्र भरपूर असतात. शेताला ती उत्तम, केसिंगला नाही.

कृती १ : पूड ओळखा

चार वाट्यांत चॉक पावडर, जिप्सम, विरवलेला चुना आणि फळ्यावरच्या खडूचा चुरा घ्या. विरवलेला चुना शिक्षकांनीच हाताळावा. प्रत्येकात व्हिनेगरचे थेंब टाका. दुसरीकडे थोडी पूड पाण्यात कालवून हळदीच्या कागदावर लावा. शेजारच्या सांगलीची हळद पाण्यात कालवून कागदावर वाळवली की कागद तयार.

- फसफसलं आणि कागद पिवळा किंवा किंचित केशरी राहिला : चुनखडी.
- कागद गडद लाल झाला : विरवलेला चुना. तोही फसफसला तर तो जुना आहे, हवेने अर्धवट चुनखडी झालाय.
- फसफस नाही आणि कागद पिवळाच : जिप्सम.

आता खडूचा चुरा बघा. आजचे बरेच खडू जिप्समचे असतात, त्यामुळे ते फसफसत नाहीत. पुस्तिकेतली 'चॉक पावडर' आणि वर्गातला चॉक एकच नव्हे, हे मुलांना हाताने कळतं.

कृती २ : किती घालायचं?

याचा तयार आकडा नाही, कारण प्रत्येक मिश्रण वेगळं. ओलसर मिश्रणाच्या एक-एक किलोच्या चार पिशव्या करा. त्यांत ०, ५, १० आणि २० ग्रॅम चुनखडीची पूड नीट मिसळा. पहिल्या, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी एक भाग मिश्रण व अडीच भाग पाणी ढवळून सामू मोजा. आलेख काढा. हवा तो सामू ज्या पिशवीत सातव्या दिवशीही टिकला, ते आपलं प्रमाण. शून्य ग्रॅमचीच पिशवी ७.५ दाखवत असेल, तर चुन्याचे पैसे वाचले!

घरी करायचं असेल तर पालकांनी एवढंच पाळावं : आधी मोजणं, मग चुनखडी, घाईचा चुना शक्यतो टाळायचा. पूड मिसळताना तोंडाला रुमाल आणि डोळ्यांना चष्मा हवा. डोळ्यात गेलीच तर भरपूर साध्या पाण्याने धुवायचं आणि डॉक्टरांकडे जायचं.

मुलांना विचारायचे प्रश्न

१. जिप्सममध्ये कॅल्शिअम असूनही ते आम्ल का मारत नाही?
२. गोदामात वर्षभर उघडी पडलेली फक्की कमी तेज का होते?
३. केसिंगचा सामू पहिल्या दिवशी बरोबर असूनही पुढे का उतरतो?
४. तुमच्या रानातली माती केसिंगला घ्यायची की नाही, हे कसं ठरवाल?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर वहीत नको, मातीचा नमुना घेऊन यायला सांगा.