एकीने काठावर बसायचं

मने, मैत्रिणींबरोबर अलाबामातल्या गल्फ शोअर्सला निघालीस, खुशाल जा. समुद्रावर जाऊन पाण्यात उतरू नको, असं काही मी म्हणणार नाही. पण फोनमधले ते कर्कश सरकारी अलर्ट तू बंद करून ठेवले असणार, ओळखते ना मी तुला! ते आधी चालू कर. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्सच्या अगदी तळाशी सापडतील.

7 जून 2024 ला फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर 15 वर्षांच्या एका मुलीवर शार्कने हल्ला केला. तिचा डावा हात गेला, उजवा पाय कापावा लागला. साधारण दीड तास आधी, काही मैलांवर दुसऱ्या एका बाईवर हल्ला झाला होता आणि या मुलीला त्याचा पत्ताच नव्हता. मुलगी अलाबामाची, म्हणून 2025 मध्ये तुमच्या अलाबामाने तिच्याच नावाने ‘लुलूज लॉ’ केला. आता हल्ला झाला की त्या भागातल्या फोनवर इशारा पाठवायची सोय.

हा एसएमएस नव्हे बरं. टॉवर त्याच्या टप्प्यातल्या सगळ्या फोनना एकदम हाक देतो. कुणाचा नंबर लागत नाही, ॲप लागत नाही. 2023 मध्ये आपल्याकडे भारतात चाचणी झाली, तेव्हा घरातले फोन एकदम किंचाळले होते ना, तेच तंत्र.

पण खरी मेख पुढेच आहे. पोहणारीचा फोन असतो पिशवीत, टॉवेलखाली. इशारा ऐकू येतो वाळूवर बसलेलीला! म्हणून पाळ्या लावा. फोन हातात घेऊन एकीने काठावर बसायचंच.

शिवाय इशारा येतो हल्ल्यानंतर, तेव्हा आपली काळजी आपणच घ्यायची. पहाटे आणि तिन्हीसांजेला पाण्यात नको. गळ टाकून बसलेल्यांच्या आसपास नको. गळ्यातली चेन काढून ठेव, तिची चमक माशाच्या खवल्यासारखी दिसते. दोन लाल झेंडे दिसले तर पाणी बंद, हुज्जत घालायची नाही.

घाबरू मात्र नकोस. 2024 मध्ये अख्ख्या जगात माणसाने न डिवचता शार्क चावल्याच्या घटना नोंदल्या गेल्या 47. अमेरिकेत दरवर्षी त्याहून जास्त माणसं समुद्राकडे खेचणाऱ्या रिप करंटमध्ये बुडतात. तशा ओढीत सापडलीस तर तिच्याशी झुंजू नकोस, किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पड.

आणि अलर्ट वाजला तर व्हिडिओ काढत बसू नका. आधी हाका मारून सगळ्यांना बाहेर काढा, मग मला फोन कर. आईला काय आणि किती सांगायचं, ते मी बघते.