करवीर नगरीतील एक दशक : १९११ ते १९२०
(स्थानिक इतिहासाच्या पाठास पूरक)

छत्रपती शाहू महाराजांच्या कारकीर्दीतील कोल्हापूर ही संस्थानची राजधानी खरी. परंतु आकाराने ते लहानच नगर होते. १९१२ साली तेथे खासबागेचे कुस्तीचे मैदान व १९१५ साली पॅलेस थिएटर उभे राहिले. या वास्तूंची नावे मुलांना ठाऊक असतात. त्याच दशकात झालेले एक कार्य मात्र डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ते शिक्षकांनी सांगावयास हवे.

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे काही शिक्षण कोल्हापुरात झाले होते. त्यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले; ते १९१२ साली नामंजूर झाले. पुढे १९१७ साली शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. ४ मार्च १९१८ रोजी या योजनेची पहिली शाळा नगरात नव्हे, तर जवळच्या चिखली या गावी सुरू झाली.

मोफत शिक्षणास सक्तीची जोड का द्यावी लागली, याचा विचार मुलांकडून करवून घ्यावा. फी माफ झाली तरी गुरे राखणारा मुलगा किंवा धाकटे भावंड सांभाळणारी मुलगी शाळेत गेल्यास घरचे काम अडते. गरीब पालकास ही हानी मोठी वाटते. म्हणून मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा १ रुपया दंड ठेवण्यात आला.

तरीही एक उणीव उरली होती. अस्पृश्य मानलेल्या मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या. १९१९ साली त्या बंद करून ही मुले सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम झाला. शाळेचे दार उघडणे ही पहिली पायरी आणि एका बैठकीवर शेजारी बसविणे ही दुसरी, हे या दोन निर्णयांच्या क्रमावरून मुलांच्या ध्यानी येईल.

स्वाध्याय
१. आपल्या शाळेच्या जनरल रजिस्टरमधील सर्वांत जुनी नोंद कोणत्या सालची आहे, ते पाहा.
२. आजी-आजोबांनी शाळा कधी व का सोडली, ते विचारून लिहा.

शिक्षकांस सूचना : वर्गात वारंवार गैरहजर राहणाऱ्या मुलाच्या घरी पाठापूर्वी एकदा जाऊन यावे. १९१७ सालचा प्रश्न पुस्तकापेक्षा तेथे अधिक स्पष्ट दिसेल.