बोटीत पाणी येते कोठून? आधी शोध, मग दुरुस्ती

मुरूड, दिवेआगर, मालवण, तारकर्ली या किनाऱ्यांवर पर्यटकांना फिरविणाऱ्या फायबरच्या मोटारबोटी आहेत, आणि जेथे बोट आहे तेथे दुरुस्तीचे काम आहे. ज्यांचे हात लाकडी होड्यांवर मुरले आहेत अशा आपल्या कारागीर बांधवांना हे काम अवघड नाही. मात्र फायबरची तऱ्हा निराळी आहे. "बोटीत पाणी येते, बघा जरा," ही तक्रार घेऊन मालक आला की पाणी दिसते तेथे मॅट आणि रेझिनचे ठिगळ मारण्याची घाई होते. आठ दिवसांनी मालक पुन्हा दारात. पैसे गेले आणि भरवसाही गेला.

कारण असे की, पायाखालची फळी आणि बोटीचा तळ यांच्यामध्ये पोकळी असते. पाणी पुढून शिरले तरी उताराने मागे, इंजिनाजवळ जमते. म्हणून हत्यार हातात घेण्यापूर्वी मालकाला विचारावे : पाणी केव्हा येते?

बोट रात्रभर धक्क्याला उभी असताना येत असेल तर पाण्याखालचे भोक, बूच किंवा नळीचा जोड संशयित. फक्त इंजिन चालू असतानाच येत असेल आणि इंजिन बोटीच्या आत बसविलेले असेल, तर थंडाव्यासाठी समुद्राचे पाणी खेचणारा पंप, त्याच्या नळ्या व एक्झॉस्टचा पाइप पाहावा. माणसे भरल्यावरच येत असेल तर बोट खाली बसल्यामुळे एरवी पाण्याच्या वर राहणारी भोके बुडतात. कडेच्या रबरी पट्टीखालचा जोड आणि पाणी बाहेर टाकणाऱ्या पंपाचे तोंड तपासावे. हे तोंड पाण्याखाली गेले तर बंद पंपातूनच समुद्र उलटा आत येतो. पावसानंतरच येत असेल तर दोष वरच्या डेकचा. पाण्याचा थेंब जिभेला लावून पाहावा. गोडे असेल तर समुद्राला दोष देऊ नये. खाडीत मात्र ही परीक्षा पुरेशी नाही.

संशय ठरला की तळ पूर्ण कोरडा पुसावा आणि वर खडूची पूड भुरभुरावी. बोट पाण्यात ठेवून टॉर्चने पाहत बसावे. ओल प्रथम जेथून धावते तेथे पुडीत रेघ उमटते. येथे घाई कामाची नाही. कधी तासभर बसावे लागते. तरी सापडले नाही तर उलटी परीक्षा. बोट किनाऱ्यावर ओढून तळाला सगळीकडे टेकू द्यावेत, आत घोट्याला लागेल इतकेच पाणी भरावे, त्यात कपड्याची नीळ कालवावी आणि बाहेरून निळा डाग शोधावा. जास्त पाणी भरू नये. दोनशे लिटर म्हणजे दोनशे किलो. पाण्यात तरंगणारा तळ जमिनीवर तेवढा भार पेलेलच असे नाही.

सर्वांत आधी पाहायचे ते बूच. त्याची रबरी वायसर झिजलेली असते, किंवा त्याच्या कड्याचे स्क्रू सैल असतात. क्षुल्लक वाटते, पण पाण्याखाली एक फुटावर एक इंची भोक उघडे राहिले तर मिनिटाला सुमारे ४० लिटर पाणी आत येते. आतून इंजिन असलेल्या बोटीत शाफ्टची ग्लँड पाहावी. पॅकिंगच्या दोरीची ग्लँड असेल तर शाफ्ट फिरताना मिनिटाला दोन-चार थेंब पडणे योग्यच. ते थांबविण्यासाठी नट करकचून आवळला तर शाफ्ट तापून घासला जातो. पाण्याखालच्या फिटिंगचे पितळी स्क्रू तांबूस दिसू लागले तर जस्त निघून गेले असे समजावे; ते हाताने तुटतात. तेथे ब्राँझ किंवा ३१६ जातीचे स्टेनलेस घालावे. फिटिंग सिलिकॉनवर बसवू नये. पॉलियुरेथेनचे सीलंट वापरावे. सिलिकॉनचा अंश राहिला की पुढे त्या जागी काहीच चिकटत नाही.

आता ट्रान्सम, म्हणजे इंजिन टांगलेली मागची भिंत. तिच्या पोटात बहुधा प्लायवूड असते आणि बोल्टच्या भोकांतून त्यात पाणी मुरते. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहावे. टणक आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर लाकूड कुजले. हे काम खर्चाचे असल्याने वरून जेलकोट मारून बोट विकण्याचा मोह होतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आत ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगताच, ओला माल लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी विचारले. हा प्रसंग आपण जाणतोच. ओला ट्रान्सम रंगाखाली झाकणे ही त्याच जातीची फसवणूक आहे, आणि येथे तर चालत्या बोटीचे इंजिन भिंतीसकट निखळण्याचे भय आहे. मालकाला आवाज ऐकवावा आणि बिलावर लिहून द्यावे.

तळाला चीर असेल तर जागा गोड्या पाण्याने धुवून मीठ काढावे आणि कित्येक दिवस वाळू द्यावी. पावसाळ्याच्या दमट हवेत हे काम उघड्यावर घेऊच नये. चिरेभोवती उतार घासावा. तळ सहा मिलिमीटर जाड असेल तर प्रत्येक बाजूला सुमारे सात सेंटिमीटर. पॉलिस्टर रेझिनला हार्डनर साधारण एक ते दोन टक्के पुरतो. हार्डनर आणि कोबाल्टचे अ‍ॅक्सिलरेटर एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, स्फोट होतो. आधी एक रेझिनमध्ये पूर्ण घोटावे, नंतरच दुसरे.

बोट परत देण्यापूर्वी तळ पुसून पुन्हा पूड टाकावी आणि ती रात्रभर पाण्यात ठेवावी. सकाळी प्रवाशांच्या वजनाइतक्या वाळूच्या गोण्या भरून धक्क्याशीच तासभर बांधून पाहावे, आणि तोवर मालकाला एकही फेरी मारू देऊ नये.