मागच्याच टायरला खिळे पुरतील का?

प्रश्न : मिनेसोटात राहतो. यंदा गोठलेल्या तळ्यावर डर्ट बाईक चालवायची आहे. मागच्या टायरला घरीच स्क्रू पिळले तर पुरे ना?

उत्तर : नाही. मागचं चाक नुसतं ढकलतं. वळवतं ते पुढचं. ते कोरं ठेवलंत तर पहिल्याच वळणावर आडवे व्हाल! घरी जरूर बसवा, पण षटकोनी डोक्याचे, धारदार कडांचे आइस स्क्रूच. टोक आत आलं की ट्यूब गेलीच, म्हणून मध्ये जुन्या टायरचं अस्तर घाला. वाटेत दगड, गोठलेली माती असेल तर कार्बाइड खिळ्यांचे तयार टायर घ्या. महाग, पण टिकतात. भुसभुशीत हिमात साधे नॉबी (गाठीदार) टायरही चालतात. आणि तळ्यावर उतरण्याआधी भोक पाडून मोजा : निदान ७ इंच घट्ट, स्वच्छ बर्फ हवा.