नवी गोधडी धुवावी का?

मुलांनो, मराठीत जिला गोधडी म्हणतात, तिलाच उर्दूत गुदडी म्हणतात. दोन्ही शब्द किती सारखे आहेत, पाहा! पश्चिम महाराष्ट्रात तिला वाकळ असेही म्हणतात. जुन्या सुती साड्या, ओढण्या, सदरे यांचे थर एकावर एक ठेवायचे आणि हाताने धावदोरा घालून ते जोडायचे, म्हणजे गोधडी तयार होते.

मोठी गोधडी हाताने शिवायला पुष्कळ दिवस लागतात. घरातली कामे आटोपल्यावर तुमची दादी किंवा नानी रोज थोडे थोडे टाके घालतात. त्या गोधडीत आजोबांचा सदरा असतो, अम्मीची जुनी ओढणी असते. हे कपडे पुन्हा बाजारात मिळणार नाहीत. शेवटचा टाका पडला की घरात प्रश्न निघतो, "आता ही धुवायची, की तशीच पांघरायची?" प्रश्न लहान आहे, परंतु घाईने उत्तर दिले, तर महिन्याची मेहनत एका तासात वाया जाऊ शकते.

शिवताना गोधडी जमिनीवर पसरलेली असते. तिला धूळ लागते, हातांचा घाम लागतो, आखलेल्या खडूच्या रेषा राहतात. त्यात नवे कापड वापरले असेल, तर त्याला खळ असते. म्हणून सुती गोधडी वापरण्यापूर्वी एकदा धुणे चांगले. ती तान्ह्या बाळासाठी असेल, तर धुतलीच पाहिजे. धुतल्याने ती मऊही होते.

मात्र आधी एक गोष्ट विचारावी : हिच्या आत काय आहे? आत पिंजलेला कापूस भरला असेल, तर ती गोधडी नव्हे, रजई होय. रजई पाण्यात बुडवली, की कापसाचे गोळे होतात आणि ती लवकर वाळत नाही. रजईला ऊन दाखवावे आणि तिची खोळ तेवढी धुवावी. रेशीम, जर किंवा मखमल लावलेली गोधडीही घरी पाण्यात घालू नये.

आता दुसरा प्रश्न. कापड जुने आहे की कोरे? जुनी साडी अनेकदा धुतलेली असते. तिला जेवढे आटायचे, तेवढे ती आटलेली असते; तिचा कच्चा रंगही निघून गेलेला असतो. कोऱ्या कापडाचे तसे नसते. १०० सेंटिमीटर कोरे मांजरपाट पहिल्या धुण्यात ३ ते ५ सेंटिमीटर आटू शकते. समजा, वरचा थर जुन्या साडीचा आहे आणि अस्तर कोरे आहे. धुतल्यावर अस्तर आटेल, साडी आटणार नाही. मग काय होईल? वरच्या कापडाला सुरकुत्या पडतील आणि टाके ताणले जातील. म्हणून जाणत्या बायका कोरे कापड शिवण्याआधीच धुऊन वाळवतात. गोधडीचे पहिले धुणे खरे म्हणजे पहिल्या टाक्याच्या आधीच होत असते.

रंगाची परीक्षा सोपी आहे. पांढरा रुमाल ओला करून गडद रंगाच्या तुकड्यावर घासा. लाल, निळ्या आणि काळ्या तुकड्यांवर जरूर घासा. रुमालाला रंग लागला, तर गोधडी भिजवू नका. पाण्यात मीठ टाकले की रंग पक्का होतो, असे पुष्कळ लोक म्हणतात. पण मिठावर विसंबून राहू नये.

परीक्षा झाल्यावर असे करा :

१. गोधडीत सुई राहिलेली नाही ना, ते हात फिरवून पाहा. सुटलेले टाके पक्के करा.
२. मोठ्या टपात थंड पाणी घ्या. त्यात थोडी साबणाची पूड आधी विरघळवा. रिठ्याचे पाणीही चालते.
३. गोधडी १० ते १५ मिनिटेच भिजवा. मग स्वच्छ पायांनी हळूहळू तुडवा. धोपाटण्याने बडवू नका, टाके तुटतात.
४. पाणी निवळ येईपर्यंत खळबळून काढा.
५. ओली गोधडी दुपटीहून अधिक जड होते. ती एका टोकाला धरून ओढू नका. दोघांनी मिळून उचला. पिळू नका, दाबून पाणी काढा.
६. एकाच दोरीवर टाकू नका. शेजारी शेजारी बांधलेल्या दोन-तीन दोऱ्यांवर पसरा, म्हणजे वजन वाटले जाते. उलटी बाजू वर ठेवा, म्हणजे रंग विटत नाही. आतले थर पूर्ण वाळल्याशिवाय घडी घालू नका. नाहीतर बुरशी येते.

हे काम पावसाळ्यात करू नये. सकाळी लवकर धुवावे, म्हणजे दिवसभराचे ऊन मिळते. धुताना रंग पसरलाच, तर घाबरू नका. गोधडी वाळू देऊ नका. पाणी पुन्हा पुन्हा बदलून रंग काढा. वाळल्यावर डाग पक्का होतो.

मुलांनो, घरी नवी गोधडी शिवायला घेतील, तेव्हा तुम्हीही नानीजवळ बसा. कोणता तुकडा कोणाच्या कपड्याचा आहे, ते विचारा. आणि कोरे कापड आधी भिजवले आहे का, हेही विचारा!

शब्दार्थ
धावदोरा – लहान, सरळ टाक्यांची शिवण
कोरे कापड – अजून न धुतलेले नवे कापड
खळ – कापड ताठ राहावे म्हणून लावलेली पेज
आटणे – धुतल्यावर कापड लहान होणे
विटणे – फिका पडणे

स्वाध्याय
१. गोधडी आणि रजई यांत कोणता फरक आहे?
२. कोरे अस्तर न धुता लावले, तर काय होते? का?
३. ओली गोधडी एकाच दोरीवर का टाकू नये?
४. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' या म्हणीसारखी उर्दू म्हण लिहा.
५. कोऱ्या सुती कापडाचा तुकडा मोजा, धुऊन वाळवा आणि पुन्हा मोजा. तो किती आटला, ते वर्गात सांगा.