समुद्रातील जीव आणि आपली भीती



दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघे शिक्षक वास्कोच्या किनाऱ्यासमोरील ग्रँड बेटाजवळ स्कूबा डायव्हिंग करून आलो. शाळा सुरू झाल्यावर आठवीच्या वर्गात हे सांगितले, तेव्हा प्रश्नांचा पाऊस पडला. "सर, शार्क आला तर?" "समुद्रसाप चावला तर?" "पाकट दिसली का?" असे पंधरा-वीस प्रश्न आले. पण "पाण्याखाली श्वास कसा घ्यायचा?" असे एकानेही विचारले नाही. तुम्हाला हसत नाही. पाण्यात उतरण्यापूर्वी आमच्याही डोक्यात तेच प्रश्न होते. म्हणूनच हा पाठ लिहीत आहोत.

घडले ते असे

होडीत प्रशिक्षकांनी विचारले, "कोणाला भीती वाटते का?" आम्ही तिघेही गप्प. खरे तर आमच्यातील एकाच्या पोटात गोळा आला होता. पण रोज वर्गात "घाबरू नका" म्हणणाऱ्या शिक्षकाने आपण घाबरलो हे कसे सांगायचे?

सुमारे सहा मीटर खोलीवर खडकाच्या कपारीतून मनगटाएवढे जाड एक डोके बाहेर आले. ते सारखे तोंड उघडत आणि मिटत होते. आतले दात स्पष्ट दिसत होते. आमचे सहकारी दचकून मागे सरले, श्वास रोखून धरला आणि पाय झाडत वर निघाले. प्रशिक्षकांनी लगेच त्यांचा पट्टा पकडला, नजरेला नजर दिली आणि हाताने "श्वास सोडा" अशी खूण केली. बुडबुड्यांचे दोन-तीन लोट सुटल्यावर ते शांत झाले.

तो प्राणी म्हणजे मोरे ईल, आपल्या बाजारात मिळणाऱ्या वाम माशाचा भाऊबंद. तो कोणाला चावायला आला नव्हता. कल्ल्यांवरून पाणी खेळते ठेवण्यासाठी त्याला तोंड उघडावे-मिटावे लागते. म्हणजे तो फक्त श्वास घेत होता आणि आमचे सहकारी श्वास घ्यायचे विसरले होते!

खरा धोका कोणता?

हे गणित नीट समजून घ्या. समुद्राच्या पृष्ठभागावर हवेचा दाब १ एकक धरला, तर पाण्यात दर १० मीटरला तो आणखी १ एककाने वाढतो. ६ मीटरवर तो १.६ होतो. तेथे टाकीतील हवेने छातीत ५ लिटर हवा भरली आणि श्वास रोखून कोणी थेट वर आला, तर ती हवा प्रसरण पावून ८ लिटर होऊ पाहते. फुप्फुसांना एवढी जागा नसते. ती फाटू शकतात आणि त्यात जीवही जाऊ शकतो. म्हणून स्कूबाचा पहिला नियम आहे : श्वास कधीही रोखू नये. मोरे ईलचे दात आमच्या सहकाऱ्यांपासून हातभर दूर होते. खरा धोका त्यांच्या स्वतःच्या छातीत होता.

दुसरे गणित टाकीचे. १२ लिटरच्या टाकीत २०० बार दाबाने सुमारे २४०० लिटर हवा मावते. शांत माणसाला पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा लागते असे धरू. १० मीटर खोलीवर दाब दुप्पट, म्हणून ४० लिटर लागेल. म्हणजे टाकी तासभर पुरेल. घाबरून धापा टाकणाऱ्याला तिप्पट हवा लागली, तर तीच टाकी वीस मिनिटांत रिकामी होईल. प्रत्यक्षात काही हवा राखून ठेवून वर यायचे असते, त्यामुळे वेळ याहूनही कमी मिळतो.

डोळेही फसवतात

पाणी आणि मास्कमधील हवा यांच्या सीमेवर प्रकाशाचे अपवर्तन होते, हे तुम्ही प्रकाशाच्या धड्यात शिकाल. त्यामुळे पाण्याखालील वस्तू सुमारे एक-तृतीयांशाने मोठी आणि एक-चतुर्थांशाने जवळ दिसते. ९० सेंटिमीटरचा मासा १२० सेंटिमीटरचा वाटतो. दोन मीटरवरचा दीड मीटरवर आल्यासारखा भासतो. त्यात आपल्या किनाऱ्याजवळचे पाणी अनेकदा गढूळ असते, म्हणून मासा अचानक समोर प्रकटल्यासारखा वाटतो. भीतीला मोठे दिसतेच. पाण्यात ते भौतिकशास्त्राच्या नियमानेही मोठे दिसते.

काही जिवांची ओळख

मोरी (शार्क) : जगभरातील हल्ल्यांची नोंद अमेरिकेतील फ्लोरिडा येथे ठेवली जाते. तिच्यानुसार २०२४ साली माणसाने न डिवचता झालेले चावे ४७ होते. असे चावे बहुतेक लाटांवर खेळणाऱ्यांना किंवा पोहणाऱ्यांना बसतात, पाणबुड्यांना क्वचितच. उलट माणूस दरवर्षी सुमारे दहा कोटी शार्क मारतो, असा शास्त्रज्ञांचा २०१३ सालचा अंदाज आहे. आपल्या घरीही मोरीचे आंबट-तिखट होतेच. कोणी कोणाला घाबरावे, तुम्हीच ठरवा! १९७५ साली आलेल्या 'जॉज' या चित्रपटाने शार्कची दहशत घरोघरी पोहोचवली. ज्यांच्या कादंबरीवरून तो निघाला, ते पीटर बेंचली पुढे शार्कच्या रक्षणासाठी काम करू लागले.

मोरे ईल : दृष्टी अधू, वासावर शिकार शोधतो. कपारीत हात घातला किंवा हाताने खाऊ घालायला गेले, तर चावतो. हात आपल्याजवळ ठेवावेत.

समुद्रसाप : विष अत्यंत जहाल, पण स्वभावाने चावरा नाही. त्याला श्वासासाठी पृष्ठभागावर यावे लागते, तेव्हा त्याची वाट अडवू नये. दंश बहुधा जाळ्यातून त्याला सोडवणाऱ्या मच्छीमारांना होतात.

पाकट : वाळूत अंग पुरून पडते. शेपटीवरचा विषारी काटा बचावासाठी असतो. २००६ साली ऑस्ट्रेलियाचे प्रसिद्ध प्राणिप्रेमी स्टीव्ह अर्विन यांचा मृत्यू पाकटीच्या काट्याने झाला. तेव्हा तिच्या अगदी अंगावरून पोहू नये, उथळ पाण्यात पाय घासत चालावे. काटा लागलाच, तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात ठेवतात आणि ताबडतोब डॉक्टरांकडे जातात.

लायन फिश : पिसाऱ्यासारखे पर सुंदर दिसतात, पण त्यांच्या काट्यांत विष असते. तो पाठलाग करत नाही.

पाहा, या सर्वांत एक गोष्ट समान आहे. आपण हात लावला, पाय दिला किंवा कोंडीत पकडले, तरच बहुतेक वेळा इजा होते. म्हणजे सुरक्षितता मोठ्या प्रमाणात आपल्याच हातात आहे.

भीती वाटली तर काय करावे?

१. उतरण्यापूर्वीच सांगावे. ज्याला भीती वाटते हे प्रशिक्षकाला ठाऊक असते, त्याच्याजवळ तो राहतो.
२. त्या भागात कोणते जीव दिसतात, ते आधी चित्रांत पाहावे. नाव कळले की निम्मी भीती जाते.
३. पायरीपायरीने जावे : आधी तलाव, मग उथळ समुद्र, मग खोल पाणी.
४. पाण्यात दचकलात तर चार शब्द आठवा : थांबा, श्वास घ्या, विचार करा, मग कृती करा. श्वास सोडताना मनात सावकाश पाच अंक मोजा.
५. खुणा पाठ करा. अंगठा व तर्जनी यांचे वर्तुळ म्हणजे "ठीक आहे". पसरलेला पंजा डावी-उजवीकडे हलवणे म्हणजे "काहीतरी बिघडले आहे". अंगठा वर म्हणजे "छान" नव्हे, तर "वर चला"!
६. कशालाही हात लावू नये.

मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्था साधारणतः दहा वर्षांखालील मुलांना समुद्रात उतरवत नाहीत. दमा, कानाचे दुखणे असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. पालकांची संमती आणि प्रशिक्षित मार्गदर्शक यांशिवाय कोणीही हा प्रयोग करू नये.

शेवटी एक सांगतो. आमचे सहकारी त्या दिवशी दुसऱ्यांदा उतरले. उतरण्यापूर्वी ते प्रशिक्षकांना म्हणाले, "मला भीती वाटते, जवळ राहा." त्याच कपारीसमोर ते पाच मिनिटे थांबले आणि मोरे ईलच्या तोंडाच्या उघडझापीबरोबर स्वतःचे श्वास मोजत राहिले. वर आल्यावर ते म्हणाले, "पहिल्यांदाच हे बोललो असतो, तर बरे झाले असते." तेव्हा मित्रांनो, वर्गात कोणी "मला भीती वाटते" म्हटले तर त्याला भित्रा म्हणून चिडवू नका. पाण्याखाली तोच अधिक सुरक्षित साथीदार असतो.

स्वाध्याय

१. १० मीटर खोलीवर छातीत ४ लिटर हवा असेल, तर पृष्ठभागावर तिचे आकारमान किती होईल?
२. मोरे ईल सारखे तोंड का उघडतो?
३. पाण्याखाली १६० सेंटिमीटर वाटणारा मासा प्रत्यक्षात साधारण किती लांब असेल?
४. तुमच्या ओळखीच्या मच्छीमार काकांना विचारून, जाळ्यात सापडणाऱ्या पाच जिवांची स्थानिक नावे आणि ते कसे हाताळावेत, हे वहीत लिहा.